पंचांगावर चालणारा ससा

तपकिरी पाचोळ्यावर बसलेला पांढराशुभ्र ससा. भोवती बर्फाचा कण नाही, आणि ससा मात्र आपण कुणाला दिसतच नाही अशा खात्रीने अंग चोरून बसलेला. हवामान बदलाचा विषय निघाला की हे छायाचित्र हमखास फिरू लागतं आणि त्यावरून दोन तट पडतात. एक तट म्हणतो, बघा, निसर्गाचा गाडा रुतला, आता सगळं संपलं. दुसरा म्हणतो, ज्याला रंग बदलता येतो तो आणखी थोडा बदलेल; निसर्ग जुळवून घेतो, उगाच बाऊ करू नका. सातारा-सांगलीकडे हा वाद सशापाशी फार वेळ थांबत नाही. तो लगेच अवकाळीवर, द्राक्षबागांवर आणि माळावर लावायच्या झाडांवर येतो. युक्तिवाद मात्र तेच राहतात.

दोन्ही तट ‘जुळवून घेणं’ या क्रियापदाचा कर्ता कोण, हे विचारत नाहीत. एकटा ससा जुळवून घेत नाही, त्याला ते येतच नाही. जुळवून घेते ती सशांची जात. तेसुद्धा तिच्यात आधीपासून वेगळ्या अंगाचे ससे असतील, संख्या पुरेशी असेल आणि त्या सशांना एकमेकांपर्यंत पोचायला सलग रान असेल तरच. हा साठा राखायचा की मोडायचा, हे निसर्ग ठरवत नाही, माणूस ठरवतो. माण, खटाव, आटपाडी, जतच्या माळांबाबत आपण ते रोज ठरवतो आहोत, आणि फारसा विचार न करता ठरवतो आहोत, असं माझं म्हणणं आहे.

आधी हा ससा रंग बदलतो म्हणजे नेमकं काय करतो ते पाहू, कारण निम्मा गोंधळ तिथंच आहे. सरड्याच्या कातडीत जिवंत रंगपेशी असतात, म्हणून तो घटकेत रंग पालटतो. सशाचा केस एकदा वर आला की तो निर्जीव असतो. उगवताना त्यात मेलॅनिन हे रंगद्रव्य भरलं गेलं तर तपकिरी, नाही भरलं तर पांढरा. पुढं त्याचा रंग पालटत नाही. रंग बदलायचा तर जुना केस झडून त्या जागी नवा यावा लागतो. उत्तर अमेरिकेतल्या स्नोशू सशाला, ज्याच्या मागच्या रुंद केसाळ पावलांवरून हे नाव पडलं, या कामाला सुमारे ४० दिवस लागतात. थंडीच्या तोंडावर पांढरेपणा पाय, कान आणि तोंडापासून सुरू होतो आणि पाठीकडे चढत जातो. वसंतात क्रम उलटा, डोकं आणि पाठ आधी तपकिरी होते आणि पावलं सगळ्यात शेवटी. ऐन हिवाळ्यातही कानाची टोकं काळी राहतात, आणि वरचे पांढरे केस बाजूला सारले तर खालची लोकर करडीच असते.

हे काम सुरू करण्याचा हुकूम येतो दिवसाच्या लांबीवरून. रात्र लांबत गेली की मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीतून मेलाटोनिन हे संप्रेरक जास्त तास पाझरतं, त्यामुळं प्रोलॅक्टिन हे दुसरं संप्रेरक उतरतं, आणि केसांच्या मुळांना हिवाळी लोकर काढायचा निरोप पोचतो. बर्फ पडलाय का, थंडी आहे का, हे सुरुवातीची तारीख ठरताना कुणी विचारत नाही.

माणदेशातल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. सूर्य मृग नक्षत्रात ७ किंवा ८ जूनला जातो. ही तारीख सूर्याची आहे, ढगांची नाही. मृग लागला म्हणून धूळपेर केली आणि पाऊस तीन आठवडे लांबला तर बियाणं मातीत जातं आणि दुबार पेरणी कपाळी येते. म्हणून तर कृषी खातं सांगत असतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल उतरल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका. शेतकरी आभाळ बघून थांबू शकतो. सशाचं पंचांग त्याच्या अंगातच आहे आणि त्याला ते मिटून ठेवता येत नाही. हजारो वर्षं सूर्य आणि बर्फ जोडीनं चालले, तोवर सूर्यावरून बर्फाचा अंदाज बांधणं सशाला फायद्याचंच होतं. आता बर्फ उशिरा येतो, लवकर वितळतो. सूर्य जागच्या जागी आहे.

याची मोजणीही झाली आहे. अमेरिकेत मोंटाना राज्यात वन्यजीव संशोधक एल. स्कॉट मिल्स यांच्या गटानं तीन वर्षं सुमारे दीडशे सशांना रेडिओ कॉलर लावून त्यांचा माग काढला. पद्धत सरळ होती. दर आठवड्याला ससा गाठायचा, त्याचं अंग किती टक्के पांढरं झालंय ते ठरवायचं, त्याच्या भोवतालच्या १० मीटरच्या वर्तुळात किती टक्के जमीन बर्फाखाली आहे ते बघायचं आणि वजाबाकी करायची. फरक ६० टक्क्यांच्या पुढं गेला तर रंग चुकला असं धरायचं. २०१३ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की बर्फ लवकर येवो वा उशिरा, केस पालटायची सुरुवात दरवर्षी जवळपास त्याच तारखांना होते. वसंतात थंडी रेंगाळली तर पुढचा वेग थोडा मंदावतो. शरदात तेवढीही सवलत नाही. रंग चुकलेला ससा वागणंही बदलत नाही. तो जास्त दाट झुडपात शिरत नाही, माणूस जवळ आला तर लवकर उठून पळत नाही. आपण उघडे पडलोय याचा त्याला पत्ताच नसतो.

२०१६ साली याच कामातून किंमत समोर आली. रंग पूर्ण चुकलेल्या सशाची आठवडाभर तगून राहण्याची शक्यता जास्तीत जास्त ७ टक्क्यांनी घटते. सात टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण ते दर आठवड्याचे आहेत. एवढी एकच घट धरून हिशोब केला तरी १०० सशांपैकी चार आठवड्यांनी ७५ आणि आठ आठवड्यांनी ५६ उरतात. त्या भागात बर्फाचे दिवस या शतकाच्या मध्यापर्यंत २९ ते ३५ दिवसांनी आणि शतकाअखेर ४० ते ६९ दिवसांनी घटतील असा अंदाज आहे, तेव्हा आठ आठवडे ही काही कल्पनेतली गोष्ट नाही.

आता ‘निसर्ग जुळवून घेतो’ म्हणणाऱ्यांचे सगळ्यात भक्कम मुद्दे घेऊ, कारण ते खोटे नाहीत. पहिला फेरो बेटांचा. १८५५ साली नॉर्वेतून तिथं पहाडी ससे नेऊन सोडले. ते हिवाळ्यात पांढरे होणारे होते. बेटांवर समुद्रामुळं थंडी मवाळ, बर्फ टिकत नाही. काही दशकांत तिथल्या सशांनी हिवाळ्यात पांढरं होणं सोडूनच दिलं. आयर्लंडमधला पहाडी ससाही सहसा पांढरा होत नाही. दुसरा मुद्दा इंग्लंडच्या पतंगाचा. १८४८ साली मँचेस्टरजवळ ठिपकेवाल्या पांढुरक्या पतंगाचा काळा प्रकार सापडला. कारखान्यांच्या काजळीनं झाडांची खोडं काळवंडत गेली आणि १८९५ पर्यंत त्या शहरात १०० पैकी ९८ पतंग काळे होते. पन्नास वर्षांच्या आत! तिसरा मुद्दा कॅनडातल्या युकॉनचा, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिथं शरदात बर्फाआधीच पांढरे झालेले ससे मरण्याऐवजी जास्त तगले. हिवाळी लोकर उबदार असते. ऊब मिळाली की चरायला कमी वेळ बाहेर पडावं लागतं, आणि बाहेर कमी म्हणजे लिंक्स या रानमांजराच्या तोंडी जायची वेळही कमी.

युकॉनचा मुद्दा मी खोडणार नाही. पाचोळ्यावरचा पांढरा ससा म्हणजे मरणाचा दाखला, असं मानणाऱ्या पहिल्या तटाला तो परस्पर उत्तर देतो. जिथं थंडीच खरी वैरीण, तिथं ऊब रंगावर मात करू शकते. मोंटानात तसं होत नाही. एका रानाचा निकाल दुसऱ्या रानाला लावता येत नाही, एवढं तरी यातून शिकावं. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आत-बाहेर. ज्या जिल्ह्यात ही दोन टोकं नांदतात, तिथल्या माणसांनी तरी सगळीकडे एकच माप लावू नये.

फेरोचं उदाहरण मात्र त्याच जातीच्या स्कॉटलंडमधल्या सशांशेजारी ठेवून बघा. स्कॉटलंडच्या डोंगरांत विसाव्या शतकाच्या मध्यात सशांच्या रंगाच्या तारखा नोंदवलेल्या होत्या. २०१४ ते २०१६ मध्ये त्याच ठिकाणी पुन्हा मोजणी झाली. मधल्या काळात बर्फाचे दिवस महिन्याहून जास्त घटले होते, पण रंग पालटायच्या तारखा पुढं सरकल्या नव्हत्या. वर्षातले रंग चुकलेले दिवस सुमारे ३५ नी वाढले. साठ-पासष्ट वर्षं, म्हणजे सशाच्या कितीतरी पिढ्या. मग इथं जुळवून घेणं कुठं अडलं? संशोधकांनी सुचवलेलं एक कारण विचार करण्यासारखं आहे. त्या डोंगरांत ग्राउज पक्ष्यांच्या शिकारीसाठी रान राखतात आणि कोल्ह्यांसारखे शिकारी प्राणी मारून कमी ठेवतात. चुकल्या रंगाचा ससा मारला जात नाही, म्हणून बरोबर रंगाच्या सशाला वेगळा फायदाही मिळत नाही. चाळणच नसेल तर धान्य निवडलं कसं जाणार?

इथं ‘जुळवून घेतो’ या गोड शब्दाचा खरा अर्थ उघडा पडतो. जात जुळवून घेते ती चाळणीतून, आणि चाळण म्हणजे मरण. मँचेस्टरच्या पतंगांनी काळं व्हायचं ठरवलं नव्हतं. पांढुरके पतंग पक्ष्यांनी टिपून खाल्ले आणि आधीपासून तुरळक असलेल्या काळ्यांची पैदास उरली. पतंगाची मादी एका खेपेला शेकड्यांनी अंडी घालते, वर्षाला पिढी बदलते, त्यामुळं एवढा संहार तिला पेलला. आणि त्या कथेचा पुढचा भाग आपल्याकडे कुणी सांगत नाही. ब्रिटननं १९५६ मध्ये हवा स्वच्छ राखण्याचा कायदा केला, काजळी कमी झाली, आणि पांढुरके पतंग परत वाढले. म्हणजे ज्या उदाहरणानं ‘काही करायची गरज नाही’ हे सिद्ध करायला निघालो, त्याचा उत्तरार्ध माणसानं कायदा करून काहीतरी केलं म्हणूनच घडला.

मग सशाचा साठा कुठं आहे? याचं उत्तर २०१८ साली मिळालं आणि ते फार सुंदर आहे. अमेरिकेच्या वायव्येला, पॅसिफिक किनाऱ्याकडच्या कमी बर्फाच्या रानांत, स्नोशू ससे हिवाळ्यातही तपकिरी राहतात. हा फरक ॲगूटी नावाच्या एका जनुकापाशी येऊन ठरतो. आणि त्या जनुकाचं तपकिरी रूप स्नोशू सशाचं मूळचं नाही. काळ्या शेपटीच्या जॅकरॅबिट या दुसऱ्या जातीच्या सशाशी कधीकाळी संकर झाला, त्यातून ते आलं. आज कामाला येऊ शकणारी शिदोरी शेजारच्या जातीकडून फार पूर्वी मिळालेली आहे. त्याच वर्षी हिवाळ्यात पांढऱ्या होणाऱ्या २१ जातींच्या प्राणी-पक्ष्यांपैकी अनेकांचा आढावा घेऊन, पांढरे आणि तपकिरी एकाच रानात नांदतात असे पट्टे नकाशावर दाखवले गेले. चाळायला धान्य आहे ते या पट्ट्यांत. तिथून तपकिरीपणा उत्तरेकडं पसरायचा तर मधलं रान सलग हवं. मधे शहर, रस्ता, मोकळं केलेलं जंगल आलं की वाट बंद. विस्कॉन्सिन राज्यात स्नोशू सशाची दक्षिण हद्द गेल्या काही दशकांत सुमारे २९ किलोमीटर उत्तरेला सरकली आहे. रान उभं आहे, पण बर्फ सरला तसा त्यातला ससा गेला.

यावर आपल्याकडे हमखास येणारं उत्तर असतं: ‘शेतकरी घेतोच की जुळवून.’ घेतो, पण कसा, तेही पाहू. तासगावचा बागायतदार एप्रिलात खरड छाटणी करतो आणि पावसाळा सरताना फळछाटणी. छाटणीनंतर पोंगा ते फुलोरा या दीड महिन्यात पाऊस लागला तर डाऊनी (केवडा रोग) आणि घडकूज बाग खातात. म्हणून कुणी आगाप धरतो, कुणी मागास, कुणी दोन प्लॉटांच्या छाटण्यांत पंधरा दिवसांचं अंतर ठेवतो, कुणी कर्ज काढून प्लॅस्टिकचं आच्छादन घालतो. म्हणजे त्याच्या हातात तारीख आहे, वाण आहे, औषध आहे, आणि एवढं असूनही अनेक बागा तुटतात. ज्वारीचंही तेच. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली एम ३५-१ ही मालदांडी कुणी प्रयोगशाळेत घडवली नाही. शेतकऱ्यांच्या घरातल्या गावरान मालदांडीत शेकडो तऱ्हा होत्या, त्यातून चांगली कणसं निवडून ती आली. आधी पेवात आणि कणगीत तऱ्हा होत्या, म्हणून निवडायला काही मिळालं. उद्या फक्त एकाच दुकानी पाकिटाचं बी उरलं, तर कितीही हुशार संशोधक आला तरी निवडणार कशातून?

हाच प्रश्न माळाला विचारायचा आहे. शंभू महादेवाच्या डोंगररांगेपासून खाली आटपाडी-जतपर्यंतचे माळ सरकारी नकाशात कित्येकदा ‘पडीक’ या सदरात बसतात. ज्यातून महसूल येत नाही ती पडीक, हा सारा वसूल करणाऱ्यांचा हिशोब होता. आपण तो इंग्रज गेल्यावरही जपून ठेवला. या माळावर कुसळ आहे, पवन्या आहे, मारवेल आहे, मधे बोर, हेंकळ, तरवडाची झुडपं आहेत. त्यात आपला रानससा राहतो, मानेवर काळा डाग असलेला. तो ऋतूप्रमाणे रंग बदलत नाही. वाळल्या कुसळीचा जो रंग, तोच त्याच्या पाठीचा. वर्षातले सात-आठ महिने माळ तसाच असतो. पावसाळ्यात माळ हिरवा होतो तेव्हा त्याला गवताची उंची झाकते. दिवसा तो बिळात जात नाही. गवताच्या बुंध्याशी अंगाच्या मापाचा खळगा करून, कान पाठीवर टाकून, पाय पडेपर्यंत जागचा हलत नाही. म्हणजे याचाही सगळा भरवसा भोवतालच्या एका रंगावर आणि एका उंचीवर आहे, स्नोशू सशाइतकाच. तिकडं बर्फ काढून घेतला जातोय, इकडं गवत.

गवत जातं कसं? माळावर यंत्रानं चर आणि खड्डे घेतात तेव्हा वरचा वीतभर मातीचा थर खाली जातो आणि मुरूम वर येतो. मुरमावर कुसळ पुन्हा धरायला वर्षं लागतात, तोवर तिथं तण माजतं. शेळी सहसा तोंड लावत नाही म्हणून गिरिपुष्प लावतात. ते जगलं तर त्याच्या सावलीत माळाचं गवत विरळ होतं, मेलं तर नुसते खड्डे उरतात. दोन्हीकडून ससा, खोकड, चंडोल, तित्तिर यांचं घर मोडतं, आणि वर्षअखेर अहवालात झाडांचा आकडा लिहिला जातो.

माझ्या या म्हणण्याला विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही खरं आहे आणि ते मला मान्य आहे. १९७२ चा दुष्काळ ज्यांच्या घरात घडला त्यांना पाणी अडवू नका असं सांगणं हा निर्दयपणा ठरेल. २०१६ मध्ये गावांनी पाणी अडवण्याची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या तीन तालुक्यांत कोरेगाव होता. तिथं आणि पुढं माण-खटावात लोकांनी श्रमदानानं जे उभं केलं त्यानं विहिरींना पाणी आलं. सांगलीत सागरेश्वरच्या उघड्या डोंगरांवर धों. म. मोहिते यांच्या पुढाकारानं रान उभं राहिलं, त्याचं १९८५ मध्ये अभयारण्य झालं. तोडून बोडके झालेले ते डोंगर होते, तिथं झाडं लावणं हाच न्याय होता. पण हेही बघा, ते अभयारण्य जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरचं आहे आणि चहूबाजूंनी शेती-वस्तीनं वेढलेलं आहे. प्राण्यांसाठी बेटं राखली की झालं, असं मानणाऱ्यांनी पट्ट्यांची आणि वाटांची वरची गोष्ट पुन्हा वाचावी.

तेव्हा भांडण झाडांशी नाही, जागेशी आहे. ओढ्याकाठी, बांधावर, गावठाणात, तोडलेल्या जंगलाच्या जागी लावा. तिथं वड, करंज, कडुनिंब, बाभूळ जगतात. जिथं कुसळ-पवन्याचं जुनं गवत उभं आहे तिथं खड्डा घेऊ नका, चर घ्यायचेच तर उताराच्या खालच्या, आधीच मोडलेल्या भागात आणि हातानं घ्या. मार्चमध्ये नवं गवत चांगलं येतं म्हणून सगळा माळ एकदम पेटवतात, ते थांबवा. त्याच सुमारास पिलं गवतात दबून बसलेली सापडतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सशाच्या शिकारीला बंदी आहे, तरी रात्री डोक्याला बॅटरी बांधून माळावर ससे मारले जातात, आणि गावात ते सगळ्यांना माहीत असतं.

आणि ससे किती आहेत हे मोजायला परदेशी रेडिओ कॉलर लागत नाही. माळावर वीसेक ठिकाणी एक मीटर त्रिज्येची वर्तुळं आखायची, मध्यभागी दगड रंगवून ठेवायचा, आतल्या जुन्या लेंड्या वेचून काढायच्या, महिन्यानं परत जाऊन नव्या मोजायच्या. शेळी-मेंढीच्या लेंडीशी गल्लत होते, पण शेळी-मेंढीची लांबुळकी, काळसर आणि चकचकीत असते. सशाची गोल, किंचित चपटी, फिक्या रंगाची, आणि फोडली तर आत सुका गवताचा भुसा. शाळेतली मुलं दोन तासांत शिकतील असं हे काम आहे. उन्हाळ्यात एकदा आणि गवत उंच झाल्यावर एकदा अशी दोन वर्षं मोजणी झाली, तर कुठला माळ जिवंत आहे आणि कुठला मोडलाय हे गावालाच कळेल.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता समिती आणि लोकांची नोंदवही सांगितलेली आहे. बऱ्याच ठिकाणी ती वही बाहेरून भरून आणलेली आणि कपाटात पडलेली असते. येत्या मृगाआधी ज्या गावाच्या ग्रामसभेपुढं माळावर खड्डे घ्यायचा ठराव येईल, त्या गावानं आधी ती वही मागवावी, माळाचं पान उघडावं, आणि ते कोरं असेल तर भरून होईपर्यंत ठराव पुढं ढकलावा.